वर तोंड करून

“धर. एक हात हँडलला, एक हात कॅरिअरला. आन सोडायचं न्हाई.”

एवढं सांगून मामा मोटरसायकलला वळसा घालून पलीकडे गेले. भिंत आणि मागचं चाक यांच्यामध्ये दीड हात जागा होती, तिथे उकिडवे बसले. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याच म्हणतात. लग्नाला सात महिने झाले होते आणि ते एका दमात माझ्याशी इतकं बोलले ते पहिल्यांदाच.

“धरतो मामा,” मी जमिनीकडे बघून पुटपुटले. आमच्याकडच्या बायका बोलताना येतो, जातो असंच म्हणतात.

त्यांनी उत्तर दिलं नाही. ते कधीच द्यायचे नाहीत.

तो गुरुवार होता. इचलकरंजीत आमच्या गल्लीची लाईट तेव्हा गुरुवारी जायची. एरवी दोन्ही बाजूंचे यंत्रमाग रात्रंदिवस खडखडत असायचे, त्या दिवशी मात्र गल्ली चिडीचूप. तीन घरं सोडून कुणी भांडं आपटलं तरी ऐकू यायचं. आत्या बाजाराला गेल्या होत्या. माझे मालक, प्रल्हाद, मागाचे सुटे भाग आणायला कोल्हापूरला गेले होते. मलाही बाजाराला न्या म्हणून मी सकाळपासून आत्यांच्या मागे लागले होते. पण “घरात मामा हाईत, जेवायला कोण वाढंल?” असं म्हणून त्या एकट्याच गेल्या आणि मी नेमकी ज्याला भ्यायचे त्याच्यापाशी राहिले.

भ्यायचे म्हणजे खरंच भ्यायचे. मामांचं नाव शिवाप्पा मुसळे, पण अख्खं गाव त्यांना आप्पा जॉबर म्हणून ओळखायचं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. बाकीचे जॉबर मागाभोवती चार फेऱ्या मारायचे, कान देऊन ऐकायचे. मामा चालत्या मागावर नुसता तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि कुठला बोल्ट सैल आहे ते सांगायचे. आप्पा मागाची नाडी बघतो, असं लोक म्हणायचे. रस्त्यावर मागून ट्रकने कितीही हॉर्न मारू दे, त्यांची मोटरसायकल काही बाजूला व्हायची नाही. “आमचं मालक कलेक्टरच्या गाडीलासुदिक भीक घालत न्हाईत,” असं आत्या कौतुकाने सांगायच्या.

मला त्या माणसाचं कौतुक वाटत नव्हतं. रोज दुपारी मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून, मान खाली घालून उंबऱ्यापाशी उभी राहायचे आणि विचारायचे, “मामा, वाढू का?” उत्तर नाही. परत विचारायचे. उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारायची छाती व्हायची नाही. मग थोड्या वेळाने त्यांचा आवाज कडाडायचा, “आज उपास हाय का ह्या घरात?” एकदा तर ते तसेच न जेवता मागाच्या शेडकडे निघून गेले आणि आत्यांनी दिवसभर माझा उद्धार केला.

त्याहून वाईट म्हणजे ते मला टोमणा मारायचे. मी काही बोलले की भुवया आवळून, माझ्यापुढे वाकून म्हणायचे, “वर तोंड करून बोल की!”

निपाणीजवळच्या आमच्या खेड्यातून मला सासरी पाठवताना आईने एकच गोष्ट तीनदा बजावली होती. “सासऱ्याम्होरं वर तोंड करून बोलू नगंस. माझं नाक कापलं जाईल.” आणि इथे सासराच म्हणतोय, वर तोंड करून बोल. एखादा चिडलेला माणूस ‘मार की, मार’ म्हणतो, तसलंच ते, असं मी धरून चालले होते. मग मी मान आणखी खाली घालायचे. ते आणखी चिडायचे आणि चौकटीवर हात आपटून निघून जायचे. आपल्याला एक दिवस माहेरी धाडणार, ही भीती पोटात घेऊनच मी रोज उठत होते.

तर, ती मोटरसायकल. तांबडी, जुनी, चौथ्या हाताची. आदल्या रात्री जेवताना मालक म्हणाले होते, “आप्पा, गाडीची चेन लै वाजालीय. गल्लीच्या तोंडापास्नं ऐकू येतंय.” ते कळल्यावर मामांचा चेहरा खर्रकन उतरला. चेन वाजली म्हणून माणूस एवढा का कोमेजतो, ते मला तेव्हा कळलं नाही.

म्हणून हा गुरुवारचा घाट. गाडीला डबल स्टँड होता, पण त्याचा डावा पाय मोडून तीन बोटं आखूड झाला होता. मामांनी त्या पायाखाली विटेचा तुकडा घातला, तरी गाडी कलायचीच. मग वीट आणि पाय यांच्या मधल्या फटीत त्यांनी एक जुना धोटा ठोकून बसवला. धोटा म्हणजे मागात या टोकाकडून त्या टोकाकडे पळणारी लाकडी होडी, तिच्या पोटात सुताची कांडी असते. आमच्या गावात मोडक्या धोट्यांना तोटा नाही. खाटेच्या पायाखाली धोटा, खिडकीच्या फटीत धोटा, दार आपटू नये म्हणून दाराखाली धोटा. जी वस्तू जन्मभर सटकण्यासाठीच घासून गुळगुळीत केलेली, तीच पाचर म्हणून वापरायची, हे आमच्या गावातच होऊ जाणे.

मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर तरंगू लागलं. पलीकडे जाऊन बसण्याआधीच मामांनी किक मारून पहिला गिअर टाकला होता आणि चाक गरगर फिरत होतं. चालत्या मागालाच तेल द्यायचं, बंद मागाला काय कळतंय, असं ते नेहमी म्हणायचे. गाडीच्या बाबतीतही त्यांचा तोच कायदा.

“चावीला हात लावायचा न्हाई,” ते बसल्या जागेवरून म्हणाले. “आन उजेड आडवू नको.”

ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. मी अंग चोरून बाजूला झाले. मामांनी डावा तळहात गाडीच्या सांगाड्यावर टेकवला, उजव्या हातात तेलाची चिंधी घेतली आणि पळत्या चेनला लावली. चिंधी, बोटं आणि दातेरी चक्र यांच्यात वीतभर अंतर असेल. मग ते अंतर कमी झालं. डोळे अर्धवट मिटून ते चेन पुसत होते.

माझी मान सवयीप्रमाणे खालीच होती. म्हणूनच मला ते दिसलं. इंजिनाच्या खालून पलीकडे स्टँडचा डावा पाय दिसत होता आणि त्या पायाखालचा धोटा हलत होता.

आधी वाटलं, गाडीच थरथरते आहे, म्हणून तसं दिसत असेल. मी त्याच्या टोकाच्या पितळी टोपणावर नजर ठेवली. टोपण विटेच्या कडेला होतं. मग कडेच्या बाहेर आलं. मग बोटभर बाहेर आलं.

“मामा,” मी म्हटलं. “धोटा सरकालाय.”

मामा चेन पुसत राहिले.

“मामा, त्यो धोटा...”

काही नाही. जेवायला वाढू का विचारल्यावर व्हायचं तेच झालं. मला वाटलं, ऐकलंय त्यांनी. सुनेने जॉबरला अक्कल शिकवायची नाही, म्हणून गप्प आहेत. मी जीभ आवरली. पण धोटा आवरत नव्हता. आता तो दोन बोटं बाहेर आला होता आणि गाडीचं ओझं माझ्या दोन्ही मनगटांवर यायला लागलं होतं. गाडी पलीकडे, मामांच्या बाजूला कलत होती. मी टाचा फरशीत रोवल्या आणि जीव खाऊन तिला माझ्याकडे ओढलं.

“मामा, हात काढा! गाडी पडालीय!”

हे मी चांगलं खणखणीत म्हटलं. सासऱ्यासमोर एवढा आवाज मी कधी काढला नव्हता. आता ते उठतील आणि माझ्यावर तुटून पडतील, असं वाटलं. पण ते जागचे हललेसुद्धा नाहीत. त्यांची बोटं चक्राच्या आणखी जवळ गेली. चेनच्या आतल्या बाजूला मळ होता, तो खरवडायला त्यांनी चिंधी बोटाला गुंडाळली.

गाडी आता पडली असती तर त्यांचा हात चेनमध्ये गेला असता आणि वरून ते धूड त्यांच्या छातीवर. मागे भिंत. सरकायला जागा नव्हती. मला सगळं स्वच्छ दिसत होतं आणि माझे दोन्ही हात अडकलेले. चावी हँडलच्या मधोमध होती. कॅरिअरचा हात सोडून चावीकडे नेऊ म्हटलं, तर हात सैल होताच गाडी अशी काही झुकली की माझ्या तोंडचं पाणीच पळालं. परत धरली. आता दोन्ही दंड थरथर कापत होते.

मग मी किंचाळले. शब्द नव्हता त्यात, नुसती किंकाळी. कौलांवरची कबुतरं फडफडत उडाली. पलीकडच्या बोळात कुत्रं भुंकायला लागलं. मी त्यांच्यापासून तीन हातांवर होते आणि मामांची पापणीसुद्धा लवली नाही.

तेव्हा मला कळलं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत नव्हते. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

आता करायचं काय? ओरडून उपयोग नाही. हात रिकामा नाही. पाय मारायला गेले तर गाडी जाईल. ते मान वर करीनात, आणि त्यांनी वर बघितल्याशिवाय माझं काही चालणार नव्हतं. धोटा तीन बोटं बाहेर आला. पाठीवर ऊन भाजत होतं आणि त्या उन्हानेच मला सुचवलं. उजेड आडवू नको, असं ते म्हणाले होते ना?

मी गाडी धरूनच डावीकडे कलंडले. डोक्यावरचा पदर घसरला, घसरू दिला. माझ्या डोक्याची सावली चाकावर पडली, तिथून चेनवर, तिथून त्यांच्या बोटांवर.

मामांनी संतापून वर बघितलं. “उजेड...” एवढंच ते म्हणाले आणि माझं तोंड बघून थांबले. सात महिन्यांत त्यांनी माझं तोंड असं उघडं, समोरासमोर पाहिलंच नव्हतं. मी ओठ मोठे करून, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, “धो-टा.”

त्यांची नजर माझ्या ओठांवर क्षणभर रुतली. मग त्यांनी हात इतक्या जोरात मागे घेतला की कोपर भिंतीवर आदळलं. चिंधी चेनमध्ये तशीच राहिली. ते पुढच्या चाकाच्या दिशेने सरपटले आणि त्याच वेळी धोटा मागातून सुटावा तसा सुटला, ठाण्णकन भिंतीवर आपटला. माझ्या हातांतून गाडी गेली. जिथे मामांची छाती होती तिथे कॅरिअर भिंतीवर आदळलं, पोपडे उडाले, आरसा फुटला. चाक जमिनीला लागून गाडी एक झेप घेऊन दोन आचके देत बंद पडली.

मी फरशीवर बसले होते. मामा भिंतीला पाठ लावून उभे होते. दोघांच्या मध्ये चिंधी लोंबत होती. चेन आणि चक्र यांच्यात सापडून तिची मधोमध चटणी झाली होती. मामा तिच्याकडे बघत होते आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक चाचपत होते. पाचही शाबूत होती.

“मालन! काय गं झालं? कोण वरडलं?”

हा आवाज पलीकडच्या होगाडेकाकूंचा. तीन घरांवरून. मी आवाजाकडे वळून बघितलं, तशी मामांनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड कुणीकडे वळलं यावरून त्यांना कळलं की कुणीतरी हाक मारतंय. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरले नाही. गाडी पडताना ते एवढे घाबरले नव्हते.

“काय न्हाई काकू!” मी ओरडले. “अंगावर पाल पडली!”

“अगं मग एवढं वरडाय लागतंय? घरात सासरा हाय, काय लाज हाय का न्हाई?”

“चुकलं काकू!”

मामा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. “पाल,” ते हळूच म्हणाले. ओठांवरून वाचून म्हणाले. मग मटकन पायरीवर बसले.

“कवापास्नं सांगालतीस?”

“लै येळ झाला. तीनदा बोललो, मग वरडलो.”

मी परत मान खाली घालून बोलले होते. मामांनी गुडघ्यावर मूठ आपटली. “वर तोंड करून बोल की गं पोरी!” आणि या वेळी त्यांचा आवाज फाटला. “दोन वर्सं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा. जॉबर भैरा झालाय म्हटल्यावर शेडात कोण उभा करील मला? तुझ्या आत्याचं तोंड मोठं हाय, दिसतंय. प्रल्हादाचं दिसतंय. मागाच्या गोंगाटात समदेच ओठ हलवून, हात करून बोलत्यात. कुणालाबी काय कळलं न्हाई. अख्ख्या गावात एक तुझंच तोंड मला दिसत न्हाई. तू काय म्हणतीस ते कळत न्हाई आन आज ना उद्या तुझ्यापायी उघडा पडतोय म्हणून... तू आल्यापास्नं मला माझ्याच घरात भ्या वाटतंय बघ.”

मला? माझं भ्या? मी सात महिने ज्याच्या सावलीला घाबरत होते तो माणूस पायरीवर बसून मला सांगत होता की तो मला घाबरतो. मला रडू फुटलं. हुंदक्यांनी अंग हलायला लागलं.

“रडू नको,” मामा घाईघाईने म्हणाले. “रडताना तोंड वाकडं हुतंय. वाचता येत न्हाई.”

मी पदराने तोंड पुसलं. पदर बाजूला केला. मान वर उचलणं एवढं जड असतं हे मला माहीत नव्हतं. आईचा आवाज कानात घुमत होता. त्यांच्या डोळ्यांत बघून मी म्हटलं, “कुणाला सांगत न्हाई, मामा. आत्यांस्नीबी न्हाई.”

त्यांनी डोळे बारीक करून ते वाचलं. मग त्यांचे ताठलेले खांदे सैल पडले. आम्ही दोघांनी मिळून गाडी उभी केली आणि भिंतीला टेकवली. फुटलेल्या काचा मी झाडल्या. धोटा त्यांनी उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, “आक्कल गहाण टाकली हुती मी.”

पुढे नऊ वर्षं मामा जॉबर राहिले. मागाची नाडी बघणारा आप्पा म्हणून मानाने राहिले. मालकांनासुद्धा मी हे सगळं मामा गेल्यावरच सांगितलं. मुसळ्यांची सून तोंडाळ आहे, सासऱ्याच्या तोंडाला तोंड देते, हे मात्र गल्लीत कायमचं झालं. लग्नकार्यात बायका माझ्याकडे बघून कुजबुजायच्या. माहेरी आईच्या कानावर गेलं, तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याची सुरुवात त्याच दुपारी झाली. आत्या बाजारातून आल्या, गाडीचा फुटका आरसा बघून त्यांनी कपाळावर हात मारला आणि मेथीची जुडी निवडायला बसल्या. मामा हातपाय धुऊन भिंतीशी पाटावर बसले. मी ताट घेऊन उंबऱ्यापाशी आले. मी उंबरा ओलांडला, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, पदर मागे सारला आणि तोंड वर केलं.

“मामा, वाढू का?”

आत्यांच्या हातातली जुडी खाली पडली. “वर तोंड करून बोलतीस व्हय गं सासऱ्यासंगं? ह्येच शिकवलंय व्हय तुझ्या आईनं?”

मी आत्यांकडे वळले नाही. वळले असते तर माझं तोंड मामांना दिसलं नसतं. मी तशीच, वर बघत उभी राहिले.

“वाढ,” मामा म्हणाले.